पाण्याचा हिशोब हजार लिटरमागे मांडा

प्रति,
मराठवाड्यातल्या नगरपरिषदा व नगरपंचायतींचे नगराध्यक्ष, सर्व सदस्य आणि मुख्याधिकारी

सप्रेम नमस्कार.

अर्थसंकल्पाच्या सभेत आपल्यासमोर पाणीपुरवठ्याचं पान येईल. त्यात वीजबिल असेल, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर असेल, पाइपलाइन दुरुस्ती, रोजंदारीवरचे कर्मचारी, उन्हाळ्यातले टँकर असतील. जमेच्या बाजूला पाणीपट्टी, चालू आणि थकबाकी. नवी योजना मंजूर झाली असेल तर तिचं अनुदान भांडवली खात्यात दिसेल. या पानावर सगळं काही रुपयांत असतं, पाणी मात्र कुठेच नसतं. वर्षभरात किती पाणी उचललं, किती शुद्ध केलं आणि त्यातलं किती घरांत पोचलं याची नोंद तिथे नसल्यामुळे झालेला खर्च जास्त झाला की रास्त, हे सभागृहातल्या कुणालाच सांगता येत नाही. मग चर्चा होते ती कुणाच्या प्रभागात किती मीटर पाइप टाकला याची.

माझी नोकरीची सगळी वर्षं साखर कारखान्याच्या कॉस्टिंग, म्हणजे खर्चमोजणीच्या विभागात गेली. तिथे रोज सकाळी तीन आकडे टेबलावर यायचे: काल उसाचं गाळप किती, उतारा किती (म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली), क्विंटलमागे खर्च किती. उतारा अर्ध्या टक्क्यानं घसरला तरी शेतकी खात्यापासून चीफ केमिस्टपर्यंत सगळ्यांना जाब विचारला जायचा. पाण्यालाही असाच उतारा असतो. धरणातून शंभर लिटर उचललं तर घरात किती उतरलं? मराठवाड्यातल्या किती नगरपरिषदा हा आकडा छातीठोकपणे सांगू शकतील, हे आपणच मनाशी तपासून पाहावं.

म्हणून माझी मागणी अशी आहे. पाणीपुरवठ्याच्या पानावर एक ओळ वाढवा: नागरिकांच्या घरात प्रत्यक्ष पोचलेल्या दर हजार लिटर पाण्यामागे वर्षाचा एकूण खर्च किती रुपये. आणि यापुढे कुठलंही काम मंजूर करताना, मग ती जलवाहिनी असो, जलकुंभ असो की पंप, त्या कामामुळे हा आकडा किती खाली येणार हे आधी विचारा.

हजार लिटरचं माप हाती धरलं की नेहमीच्या गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींची गाडी आणि एका खेपेला पंचवीस लाख लिटर. त्या मे महिन्यात रेल्वेनं सुमारे सहा कोटी वीस लाख लिटरच्या वाहतुकीचा आकार चार कोटी रुपये कळवला. ती रक्कम कुणी भरायची हा विषय वेगळा. भागाकार केला तर हजार लिटरला साधारण ६४५ रुपये पडतात, नुसत्या वाहतुकीचे. देशभर त्याकडे संकटातला, नाइलाजाचा खर्च म्हणून पाहिलं गेलं. आता आपल्या गल्लीत रोज येणारा जारचा टेम्पो घ्या. वीस लिटरचा जार वीस रुपयांना धरला, तर हजार लिटरला हजार रुपये. रेल्वेचा आकडा नुसत्या वाहतुकीचा आणि जारचा सगळ्याचा, हे मान्य. पण रेल्वेनं साडेतीनशे किलोमीटरवरून आणलेल्या पाण्याहून महाग पाणी आपली घरं बारा महिने, चांगल्या पावसाच्या वर्षीही विकत घेतात, कारण नळाच्या पाण्यावर त्यांचा भरवसा उरलेला नाही. रोज एक जार घेणाऱ्या घराचे वर्षाला ७,३०० रुपये जातात, आणि तेही फक्त पिण्याच्या पाण्यासाठी.

हा खर्च आपल्या कुठल्याच वहीत नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. नगरपरिषदेच्या वहीत पाणी स्वस्त दिसतं, कारण खर्चाचा मोठा भाग लोकांच्या घरात ढकललेला असतो. नळाला आठ दिवसांनी पाणी येणार असेल तर घराला हौद लागतो, गच्चीवर टाकी लागते, हौदातून टाकीत चढवायला मोटार लागते, मोटारीला वीज लागते. नळाला दाब नसतो म्हणून काही जण थेट नळालाच मोटार जोडतात, मग शेजाऱ्याच्या नळाला धार येत नाही आणि तोही मोटार आणतो. उन्हाळ्यात चार घरं मिळून टँकर मागवतात. जिच्याकडे हौदाला जागा नाही आणि टँकरला पैसे नाहीत ती बाई पाण्याच्या दिवशी कामावर जात नाही, तिची मजुरी बुडते. हे सगळं मिळून पाणीपुरवठ्याचाच खर्च आहे. फक्त तो नगरपरिषद करत नाही, लोक करतात.

पाणी येण्याच्या दिवशी सकाळी कुठल्याही वस्तीत चक्कर मारून पाहा. पाणी सोडणारा माणूस व्हॉल्व्ह फिरवून जातो. पहिली पाच-दहा मिनिटं नळातून नुसती हवा येते, मग गढूळ पाणी. ते वाहू देतात. त्याच वेळी आतल्या अंगणात आठ दिवस साठवलेलं पाणी शिळं झालं म्हणून ड्रम आडवे करून ओतलं जातं, कारण ताज्या पाण्याला जागा हवी. हौद भरला की तोटी नसलेला नळ तसाच चालू राहतो आणि पाणी नाल्याला लागतं. धरणातून उचललेलं, तुरटी घातलेलं, क्लोरीन दिलेलं, शंभर-दीडशे मीटर चढवलेलं पाणी. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. पुढचं पाणी कधी येईल याची खात्री नसलेलं कुणीही भांडं असेल तेवढं भरून ठेवणारच. आणि पाइप सहा-सात दिवस रिकामा राहतो तेव्हा त्याच्या भेगांतून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतं. त्यातून पोटाचे आजार होतात, दवाखान्याचं बिल होतं, आणि मग जार सुरू होतो.

छत्रपती संभाजीनगरात २०२२ साली घरगुती पाणीपट्टी ४,०५० रुपयांवरून २,०२५ वर आणली गेली. लोकांना दिलासा हवा होता, आणि पाणी पुरेसं येत नसताना पूर्ण पट्टी मागणं अन्यायाचं होतं, हे मला पटतं. तरीही तो आकडा मापात घालून पाहू. आठव्या दिवशी पाणी येत असेल तर वर्षात पंचेचाळीस पाळ्या होतात, एका पाळीला ४५ रुपये. रोज येत असेल तर तेवढ्याच पैशांत एका दिवसाला साडेपाच रुपये. पट्टी कमी केल्यानं पाणी स्वस्त होत नाही. घराला पाणी किती रुपयांना पडतं ते मुख्यतः ते किती वेळा आणि किती येतं यावर ठरतं. तरी सभागृहात वाद होतो तो पट्टीच्या आकड्यावर.

आता प्रत्यक्ष हिशोब कसा करायचा ते सांगतो. आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत, आपण आपापल्या गावचे घाला. समजा योजनेची किंमत १०० कोटी आहे आणि ती रोज एक कोटी लिटर पाणी उचलते. योजना तीस वर्षं चालेल आणि पैशाचं व्याज आठ टक्के धरलं तर वर्षाचा भांडवली बोजा, म्हणजे कर्जाच्या समान वार्षिक हप्त्यासारखी रक्कम, ८ कोटी ८८ लाख होतो. वर्षात उचललेलं पाणी ३६५ कोटी लिटर. हजार लिटरमागे भांडवलाचे २४ रुपये झाले.

अनुदान मिळालं म्हणून भांडवल शून्य धरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अमृत २.० या केंद्राच्या शहरी पाणी योजनेत एक लाखाच्या आतल्या शहरांना केंद्राकडून निम्मा वाटा ठरवला गेला, एक ते दहा लाखांच्या शहरांना एक तृतीयांश. तो पैसा मराठवाड्याच्याच नावावर येतो, एका कामाला गेला की दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून तो हिशोबात धरलाच पाहिजे. शिवाय अनुदान उभारणीला मिळतं, चालवायला नाही. पंपाचं बिल पुढची तीस वर्षं आपणच भरायचं आहे.

विजेचं गणित तर शाळेतलं आहे. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला ०.२७ युनिट लागतात. धरणापासून गावापर्यंतची चढण आणि पाइपमधलं घर्षण मिळून दीडशे मीटर धरा, पंप आणि मोटारीची एकत्रित कार्यक्षमता ६५ टक्के धरा, तर ०.६३ युनिट. युनिटला आठ रुपये दरानं पाच रुपये. पण पंप जुना झाला असेल, इंपेलर (पंपातलं फिरतं चाक) झिजला असेल आणि कार्यक्षमता ४५ टक्क्यांवर आली असेल तर तेच काम ०.९१ युनिटांत होतं, म्हणजे सव्वासात रुपये. हजार लिटरमागे सव्वादोन रुपयांचा फरक किरकोळ वाटतो, पण रोज एक कोटी लिटरच्या योजनेत तो वर्षाला ८० लाखांच्या वर जातो. नव्या पंपांचं कोटेशन मागवा आणि या रकमेनं भागून पाहा. वीजबिल थकलं म्हणून पाणीपुरवठ्याची जोडणी तोडल्याची बातमी आपल्या भागात अधूनमधून येतेच. थकबाकीत झिजलेल्या पंपाचा वाटा किती, हे कुणी पाहिलेलं नसतं.

भांडवल आणि वीज मिळून उचललेल्या हजार लिटरला २९ रुपयांच्या थोडे वर झाले. पगार, रसायनं, दुरुस्ती वेगळी. आता उतारा लावा. वाटेत चाळीस टक्के पाणी जात असेल तर घरात पोचलेलं हजार लिटर ४९ रुपयांना पडतं. तीच गळती वीस टक्क्यांवर आणली तर ३७ रुपयांना. वीस टक्के हा आकडा माझ्या मनचा नाही. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं २००८ साली पाणीपुरवठ्याची जी सेवा मानकं ठरवली त्यात महसूल न देणारं पाणी वीस टक्क्यांच्या आत असावं, माणशी रोज १३५ लिटर मिळावं, सगळ्या जोडण्यांना मीटर असावा आणि चालवण्याचा खर्च पूर्ण वसूल व्हावा असं लिहिलेलं आहे.

इथे एक भेद जपून करावा लागतो. फुटलेल्या पाइपातून जमिनीत मुरलेलं पाणी आणि अनधिकृत नळातून कुणाच्या तरी घरात गेलेलं पाणी, दोन्ही वहीत महसूल न देणारंच दिसतं. पण पहिल्यात पाणी आणि पैसा दोन्ही गेले, दुसऱ्यात पाणी माणसाला मिळालं आणि फक्त पैसा गेला. पहिल्यावर उपाय म्हणजे खोदकाम, दुसऱ्यावर नोंदणी आणि परवडणारी जोडणी. दोन्ही एकाच टक्केवारीत टाकले की झोपडपट्टीतले नळ तोडण्याची मोहीम निघते आणि मुख्य वाहिनीचा गळणारा एअर व्हॉल्व्ह (पाइपातली हवा सोडणारी झडप) तसाच राहतो.

हे सगळं मोजायचं कसं, असा प्रश्न आपण विचाराल. आज उचललेल्या पाण्याचा आकडा बहुतेक ठिकाणी पंप किती तास चालला गुणिले पंपाच्या पाटीवरची क्षमता असा काढतात. त्यात पंप नवा आणि विजेचा दाब पूर्ण असल्याचं गृहीत असतं. खरा आकडा काढायला टेप आणि घड्याळ पुरतं. समजा आपला जलकुंभ गोल आहे, आतला व्यास सोळा मीटर. बाहेर जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करा, पंप चालू करा आणि तासाभरात पातळी किती चढली ते मोजा. एक मीटर चढली तर दोन लाख लिटर पाणी आलं. पाटीवर ताशी तीन लाख लिटर लिहिलेलं असेल तर रोजच्या नोंदवहीतला प्रत्येक आकडा दीडपट फुगवलेला आहे. मग पंप थांबवा, भरलेला जलकुंभ रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी पातळी पाहा. जेवढी उतरली तेवढी जलकुंभाची आणि व्हॉल्व्हची गळती. या दोन चाचण्यांना निविदा लागत नाही, पाणीपुरवठा अभियंत्यानं मनावर घेतलं तर एका दिवसात होतात. त्यानंतर जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी आणि प्रत्येक जलकुंभाच्या बाहेर पडणाऱ्या वाहिनीवर मोठे मीटर बसवा.

घरात पोचलेलं पाणी मोजायला पहिल्याच वर्षी सगळ्या गावाला मीटर लावण्याची गरज नाही. प्रत्येक झोनमधली पंचवीस-तीस घरं चिठ्ठ्या टाकून निवडा. काही जलकुंभाजवळची, काही मधली, काही अगदी शेवटच्या टोकाची. तिथे मीटर लावा, वर्षभर नोंद ठेवा. सरासरीवरून गावाचा अंदाज निघेल, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे टोकाच्या घराला किती कमी मिळतं ते कळेल. पुढे सगळीकडे मीटर न्यायचे असतील तर कराडजवळच्या मलकापूरला जाऊन या. तिथल्या छोट्या गावानं मीटरवर चोवीस तास पाणी दिलं आणि जास्त वापरणाऱ्याला चढता दर लावला. आपल्याकडे अर्धा इंची नळाला एकच वार्षिक पट्टी असते, दिवसाला तीनशे लिटर घेणाऱ्यालाही आणि बागेला पाइप लावणाऱ्यालाही.

आता लांबच्या पाण्याबद्दल. मराठवाड्यात पाणीप्रश्न निघाला की लांबचं धरण आणि मोठी जलवाहिनी हेच उत्तर पुढे येतं. काही शहरांना दुसरा मार्गच नाही. धाराशिवला उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं, परभणीला येलदरीचं, संभाजीनगरला जायकवाडीचं. नांदेडला मात्र विष्णुपुरी शहराला लागूनच आहे. एवढ्या वेगळ्या शहरांचा हजार लिटरमागचा खर्च सारखा असणार नाही, आणि तशी तुलना करणं अन्यायाचं ठरेल. तुलना करावी ती आपल्याच गावातल्या पर्यायांची. नव्या वाहिनीतून मिळणारं जादा पाणी हजार लिटरला कितीला पडेल, जुनी गळती बुजवून वाचणारं पाणी कितीला, पंप बदलून कितीला, आणि गावच्या जुन्या तलावातला गाळ काढून कितीला? जालन्याचा निजामकाळातला घाणेवाडी तलाव आठवा. तिथलं पाणी शहराकडे उतारानं येतं, उचलायला वीज लागत नाही, आणि त्यातला गाळ लोकांनी वर्गणी काढून उपसला. एक घनमीटर गाळ निघाला की हजार लिटर पाण्याची जागा होते. बाष्पीभवन वजा करा आणि मग त्याची किंमत नव्या वाहिनीच्या किमतीशेजारी लिहा. बऱ्याच गावांत आधी दुरुस्ती, मग वाहिनी असा क्रम निघेल असं माझं मत आहे. काही गावांत तसा निघणार नाही. तिथे वाहिनीच टाका, पण हिशोब करून.

वाहिनीच्या हिशोबात दोन गोष्टी हमखास सुटतात. पहिली दुष्काळाची. मांजरा धरण २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडं होतं आणि त्याच पावसाळ्यात भरलं. दहा वर्षांतली दोन वर्षं जिचा उद्भव, म्हणजे जिथून पाणी उचलतात ते धरण, मृतसाठ्याखाली (सहज उचलता न येणाऱ्या तळाच्या साठ्याखाली) जातो त्या योजनेचं पाणी आठच वर्षांचं धरलं पाहिजे, आणि उरलेल्या दोन वर्षांचा टँकरचा खर्च तिच्याच खात्यावर लिहिला पाहिजे. दुसरी गोष्ट उशिराची. संभाजीनगरची नवी योजना १,६८० कोटींची होती, ती सुधारित होऊन २,७४० कोटींवर गेली. वाढीची कारणं काहीही असोत, जुन्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या वाहिन्यांवर शहरानं काढलेल्या प्रत्येक वर्षाची किंमत घरोघरच्या टँकरमध्ये आणि जारमध्ये मोजली गेली. लहान गावांत हेच छोट्या प्रमाणात होतं: मुख्य वाहिनी पूर्ण, जलकुंभ अर्धवट, आतली वितरण व्यवस्था जुनीच. पैसा गेला आणि भागाकारात खाली टाकायला पाणीच नाही.

हजार लिटरचा आकडा एकटा मात्र वापरू नका. जलकुंभाजवळच्या दोन गल्ल्यांना भरपूर पाणी देऊन आणि टेकडीवरच्या वस्तीला तोडून तो सहज सुंदर करता येतो. क्लोरीन वाचवूनही करता येतो. म्हणून त्याच्याशेजारी आणखी तीन नोंदी हव्यात: शेवटच्या टोकाच्या घराला माणशी किती लिटर आणि महिन्यातून किती दिवस, तिथल्या नळाच्या पाण्यात ओटी चाचणीत (औषधाचे थेंब टाकून रंग पाहण्याच्या चाचणीत) क्लोरीन दिसतो का, आणि त्या वस्तीतलं घर जार, टँकर आणि मोटारीवर वर्षाला किती खर्च करतं. शेवटची नोंद कुठलंही सरकारी मानक मागत नाही. तरीही ती घ्या, शंभर घरांत विचारूनही पुरेसा अंदाज येतो. घरांचा हा खर्च वर्षागणिक खाली येत असेल तर आपली योजना यशस्वी आहे. तो वाढत असेल तर वहीतला आकडा कितीही कमी असो, आपण पाणी स्वस्त केलेलं नाही.

या अर्थसंकल्पाला अजून वेळ आहे. तोवर जलकुंभाच्या दोन चाचण्या होऊ शकतात, गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं एका कागदावर येऊ शकतात, आणि शंभर घरांची विचारपूस प्रत्येक सदस्यानं आपल्या प्रभागात वाटून घेतली तर आठवड्याभरात उरकेल. त्यातून निघालेला हजार लिटरमागचा खर्च सभेत वाचून दाखवा आणि नगरपरिषदेच्या सूचनाफलकावर लावा. पहिल्या वर्षी तो वाईटच निघेल, कारण आजवर कुणी मोजलेलाच नाही. त्याबद्दल मी तरी आपल्याला दोष देणार नाही. पुढच्या वर्षी त्याच फलकाजवळ येऊन दोन्ही आकडे शेजारी ठेवून मात्र विचारीन. नोंदवह्या तपासायला, भागाकार करायला माणूस कमी पडत असेल तर मला बोलवा. जिल्ह्यातल्या कुठल्याही नगरपरिषदेत मी विनामोबदला येऊन बसेन.

आपला नम्र,
साखर कारखान्याच्या कॉस्टिंग विभागातला एक निवृत्त कर्मचारी
लातूर जिल्हा